आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था फक्त अणुकेंद्रांची तपासणीच करते का?

नाही, अणुतंत्रज्ञान शेती, आरोग्य, पाणी अशा कामांसाठी सदस्य देशांना मिळवून देणं हेही तिचं तितकंच मोठं काम आहे. 1957 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या घटनेतच शांतता, आरोग्य आणि समृद्धी हे उद्दिष्ट लिहिलेलं आहे. पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियाचा भाग असलेल्या झांझिबारच्या उंगुजा बेटाचं उदाहरण घ्या. तिथे त्सेत्से माशीमुळे गुरांना जीवघेणा रोग व्हायचा. संस्थेच्या मदतीने गॅमा किरणांनी निर्बीज केलेले नर विमानातून सोडले गेले, माद्यांची वीण थांबली आणि 1990च्या दशकातच ती माशी बेटावरून नाहीशी झाली. पशुपालकांसाठी केवढी मोठी सुटका! मात्र आधी कीटकनाशकांनी माश्यांची संख्या घटवावी लागली होती, शिवाय बेट असल्याने बाहेरून नव्या माश्या आल्या नाहीत. मुख्य भूमीवर हे बरंच अवघड जातं.