काळोखाची, भुताखेतांची चित्रं काढणारे आजचे कलाकार शोधायचे कसे?

तुम्ही विचारलंय की भुतंखेतं, मरण, अमानवी गोष्टी असल्या विषयांवर काम करणारे आजच्या काळातले चांगले कलाकार कुठे सापडतात, कारण नेटवर शोधलं की त्याच त्या कवट्या, रक्त आणि शिंगं समोर येतात. अगदी खरंय. मी पण दोन-तीन वर्षं तेच करत होतो, डार्क आर्टचा हॅशटॅग टाकायचा आणि रात्री एक वाजेपर्यंत स्क्रोल करायचं, शंभर चित्रं बघितली तरी सकाळी एकही आठवायचं नाही. आता मी चित्रकार शोधतच नाही, एक चित्र पकडतो, जे सकाळी दात घासताना पण डोक्यात असतं असं एकच, आणि त्यातली भीती कुठल्या मातीतून आलीय ते खणत जातो. त्या खणण्यातच पुढची नावं मिळत जातात.

माझ्यासाठी ते चित्र होतं फुयुको मात्सुईचं. ही जपानी चित्रकार, 1974 चा जन्म, शिझुओका प्रांतातली. चित्राचं नाव निक्टालोपिया, म्हणजे आपला रातांधळेपणा, 2005 सालचं. रेशमाचा उभा अरुंद पट, त्यात एक पांढरीफटक बाई, केस मोकळे, हातात कोंबडी धरलेली, बस्स एवढंच. रक्त नाही की किंकाळी नाही. मी मूळचा कोकणातला, आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीला, कोंबडं द्यायची रीत, त्यामुळे ती कोंबडी बघून माझ्या पोटात जो गोळा आला तो मला कुणाला समजावून सांगता येणार नाही. तिच्या कोंबडीचा आणि आमच्या राखणेचा काडीचा संबंध नाही हे मला माहितीय, पण तरी आला.

मग मी खणायला लागलो. ही जे करते त्याला निहोंगा म्हणतात, पारंपरिक जपानी चित्रपद्धती, आणि टोकियोच्या कला विद्यापीठात या विषयात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली बाई, 2007 साली. रेशीम ताणून त्याला सरस आणि तुरटीचं पाणी द्यायचं म्हणजे रंग फुटत नाही, मग दगड कुटून केलेले रंग सरसात कालवून थरावर थर चढवायचे, कधी कधी रेशमाच्या मागच्या बाजूनेसुद्धा रंग लावतात म्हणजे तो पुढून धुक्यासारखा दिसतो. चुकलं तर खोडायची सोय जवळजवळ नाहीच. हे कळल्यावर ते चित्र मी परत बघितलं आणि त्या बाईची कातडी अशी आतून आल्यासारखी का दिसते ते थोडंफार लक्षात आलं.

तिच्या मागे दोन परंपरा उभ्या आहेत. एक भुतांच्या चित्रांची. आपल्याकडे भूत ओळखायचं पायावरून, पाय उलटे दिसले की पळ काढायचा, आणि जपानी चित्रांतल्या भुताला बहुतेक वेळा पायच नसतात, कमरेखाली ते धुरासारखं विरून जातं. ही रीत अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्यो या चित्रकाराच्या नावावर सांगतात. टोकियोत यानाका भागात झेन्शोआन नावाचं देऊळ आहे, तिथे सानयुतेई एन्चो या एकोणिसाव्या शतकातल्या कथाकाराने जमवलेले भुतांचे पट आहेत आणि दर ऑगस्टमध्ये ते लोकांना बघायला मांडतात. ऑगस्टच का, तर पितर घरी येतात ते दिवस साधारण तेव्हाचे, आणि भुतांच्या गोष्टी सांगायचा त्यांचा मोसम म्हणजे उन्हाळाच. म्हणजे त्यांचा पितृपक्षच म्हणा ना.

दुसरी परंपरा कुसोझु. एका सुंदर बाईचं प्रेत कसकसं कुजत जातं त्याचे नऊ टप्पे काढायचे, बौद्ध भिक्षूंनी ते बघून देहाची आसक्ती सोडावी म्हणून. शतकानुशतकं हे बाईच्या देहाचं चित्र पुरुषांच्या उपयोगासाठी काढलं जात होतं, आणि मात्सुईने तीच गोष्ट उचलून बाईच्या बाजूने काढली. 2004 च्या तिच्या एका चित्रात फुलांमध्ये एक बाई पडलीय, पोट उघडं, आतला गर्भ दिसतोय, आणि ती सरळ आपल्याकडे बघतेय. बळी पडलेल्या बाईची नजर नाहीये ती. मला वाटतं काळोखाची चित्रं काढणाऱ्यांमध्ये फरक पडतो तो इथे, नुसतं प्रेत काढणं सोपं आहे, त्या प्रेताला बघायला लावणं अवघड.

एका चित्रापासून खणत जायची हीच युक्ती घेऊन दुसरीकडे गेलो की दुसरी माणसं भेटतात. इटलीतला निकोला सामोरी, 1977 चा जन्म. हा आधी चारशे वर्षांपूर्वीच्या चर्चमधल्या चित्रांसारखं अस्सल चित्र काढतो, काळी पार्श्वभूमी, संत, जखमा, सगळं तसंच, कधी लाकडावर कधी तांब्याच्या पत्र्यावर, आणि मग रंग वरून वाळलाय पण आत अजून ओला आहे अशा वेळी तो थर सोलतो, अक्षरशः आंब्याची साल निघावी तशी रंगाची कातडी खाली लोंबत राहते. पहिल्यांदा बघताना मला वाईटच वाटलं, एवढं मेहनतीने केलेलं असं का खराब करायचं. पण ज्या संताला सोलून मारलं त्याचं चित्रच सोललंय म्हटल्यावर अंगावर काटा येतो. बेल्जियमची बर्लिंडे दे ब्रॉइकेरे पण बघाच, खाटकाची मुलगी, मेणात माणसांची आणि घोड्यांची शरीरं करते, चेहरा जवळपास कधीच नसतो.

पोलंडच्या झ्जिस्वाव बेक्शिन्स्कीचं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेलच. 1929 ते 2005, म्हणजे अगदी आजचा नाही, पण आजच्या निम्म्या लोकांनी त्याच्याकडून उचललंय. त्याच्या बाबतीत एक काळजी घ्या. नेटवर त्याच्या नावाने फिरणारी कितीतरी चित्रं त्याची नाहीतच, काही दुसऱ्या जिवंत चित्रकारांची आहेत ज्यांचं नाव कुणी घेत नाही, आणि आता तर मशीनने बनवलेली पण त्यात घुसलीत. मी स्वतः एक चित्र त्याचं समजून वर्षभर फोनच्या वॉलपेपरला ठेवलं होतं. तो आपल्या चित्रांना नावं देत नसे, त्यामुळे खाली एखादं झकास भयानक नाव दिसलं तर ते मागाहून कुणीतरी चिकटवलंय असं धरून चाला. सानोक या त्याच्या गावच्या म्युझियमला त्याने आपलं काम देऊन टाकलं, खरं काय ते तिथल्या संग्रहाशी ताडून बघा. आणि कुठलंही चित्र आवडलं की आधी फोटोवरून उलटा शोध घ्यायचा, काढणाऱ्याचं नाव, साल आणि कशावर काढलंय हे तिन्ही मिळेपर्यंत थांबायचं नाही. या एका सवयीने मला जेवढे चित्रकार दिले तेवढे कुठल्याच यादीने दिले नाहीत.

आता आपल्या इथलं. लोक म्हणतात भारतात असलं काही होत नाही, ते मला बिलकुल पटत नाही. मुंबईत जन्मलेली रितिका मर्चंट बघा, घडी घातलेल्या कागदावर अर्धे पशू अर्धी माणसं, पुराणातली वाटतात पण कुठल्याच पुराणात नाहीत अशी. भीती कमी, गूढ जास्त. मुंबईत तार्क गॅलरीत तिचं काम लागतं. कुलाबा, फोर्ट भागातल्या बहुतेक गॅलऱ्यांत जायला पैसे लागत नाहीत, जानेवारीत गॅलरी वीकेंड असतो तेव्हा एकाच दिवशी सात-आठ फिरून होतात.

पण एकच नाव सांगायचं झालं तर मी गणेश पाइन सांगेन. कलकत्त्याचे, 1937 ते 2013. आजीच्या गोष्टी ऐकत जुन्या पडक्या वाड्यात वाढलेले, आणि 1946 च्या दंगलीत, नऊ वर्षांचे असताना, प्रेतांनी भरलेली हातगाडी बघितलेले. पुढे आयुष्यभर टेंपेरात, म्हणजे चिकट द्रवात कालवलेल्या पाण्याच्या रंगांत, हाडं, नावा, सांगाडे, राजे, आणि कुठूनतरी खालून आल्यासारखा मंद उजेड. आजीचं भूत आणि हातगाडीवरचं प्रेत त्यांच्या चित्रात वेगळं काढताच येत नाही.

त्यांची चित्रं बघायला लिलाव करणाऱ्या कंपन्यांचे प्रीव्ह्यू धरा, सॅफ्रनआर्ट, पंडोल्स वगैरे मुंबईत लिलावाच्या आधी काही दिवस चित्रं मांडून ठेवतात आणि कुणीही जाऊन बघू शकतं, विकत घ्यायला आलात का असं विचारत नाहीत. मी साध्या चपला घालून, ऑफिसची बॅग खांद्याला तशीच, आत गेलो होतो. पाइन यांचं एक छोटंसं टेंपेरा होतं, वहीच्या पानापेक्षा थोडं मोठं. मोबाईलवर ते नुसतं काळं-निळं दिसायचं, जवळून बघितलं तर त्या काळ्यात केसाएवढ्या बारीक रेघा, एकावर एक, हजारो, आणि उजेड त्या रेघांच्या फटीतून येत होता. पाऊण तास तिथेच उभा होतो. तिथल्या मुलीने येऊन फक्त एवढंच विचारलं, खुर्ची आणून देऊ का.