'टोपोग्राफिक ओशन्स' ऐकायला चौथ्या बाजूपासून सुरुवात करा

येस या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा 'क्लोज टू द एज' हा अल्बम आवडला, पण त्याच्या पुढचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' दोनदा लावूनही तिसऱ्या रचनेपाशी बंद करावासा वाटला, तर लोकांना त्यात नेमकं काय सापडतं, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिली गोष्ट, तो सलग ऐकू नका. डिसेंबर १९७३ चा हा अल्बम दोन तबकड्यांचा आहे. रचना चारच, एका बाजूला एक, प्रत्येकी १८ ते २२ मिनिटांच्या. दर वीस मिनिटांनी उठून तबकडी उलटावीच लागायची, त्यामुळे कानाला विसावा मिळायचा. आता ८० मिनिटं एकामागोमाग अंगावर येतात आणि दुसऱ्या बाजूच्या मध्यावर कान थकतो. तुम्ही तिसरीपाशी थांबलात यात नवल नाही.

आधी चौथी बाजू, 'रिच्युअल', एकटीच ऐका. 'क्लोज टू द एज'मधून येणाऱ्याला हीच सर्वांत जवळची वाटते. बँड पूर्ण ताकदीनिशी सुरुवात करतो, मधलं गाणं अगदी साधं आणि गुणगुणण्याजोगं आहे, पुढे ख्रिस स्क्वायरचा बेस बराच वेळ एकट्याने बोलतो. मग ढोल आणि तालवाद्यांचा गदारोळ उठतो. पहिल्यांदा ऐकताना बरेच जण हा भाग पुढे ढकलतात. तसं करू नका. तो कर्कश ताण सोसला तरच त्यानंतर हळुवार परतणाऱ्या त्याच गाण्याचं मोल कळतं. ही बाजू तोंडओळखीची झाली की पहिलीकडे, 'द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड'कडे या. ती एकसुरी मंत्रोच्चारासारख्या गायनाने उघडते आणि आवाजांवर आवाज चढत जातात. गायक जॉन अँडरसनच्या शब्दांचा अर्थ लावत बसू नका, ते मुख्यतः नादासाठी निवडलेले आहेत. त्याऐवजी कोणती सुरावट परत येते तिकडे लक्ष ठेवा. शेवटच्या बाजूच्या सुरुवातीला आधीच्या बाजूंच्या खुणा भेटतात, आणि दोन्ही बाजू ओळखीच्या झाल्यावर त्या आपोआप ऐकू येतात.

तिसरी, 'द एन्शंट', सर्वांत अवघड. पहिली बारा मिनिटं स्टीव्ह हाऊची स्टील गिटार आणि ॲलन व्हाइटची तालवाद्यं टोचत राहतात. तिच्या शेवटच्या सहाएक मिनिटांपासून सुरुवात करा: स्पॅनिश गिटार आणि शांत गाणं, अख्ख्या अल्बममधला सर्वांत सुंदर तुकडा. तो आवडला की मागे जाऊन त्याच्या आधीचा खडबडीत भाग ऐका. दुसरी बाजू, 'द रिमेम्बरिंग', सगळ्यात शेवटी ठेवा. ती संथ आहे, मेलोट्रॉनच्या (फितींवर ध्वनिमुद्रित केलेले आवाज वाजवणारा कीबोर्ड) लाटांवर चालते, आणि हेडफोनशिवाय तिचे बारकावे हरवतात.

टीकेतही तथ्य आहे. कीबोर्डवादक रिक वेकमन यांचं म्हणणं असं की, साहित्य एका तबकडीला जास्त आणि दोनला कमी होतं, म्हणून पाणी घालून वाढवलं. १९७४ मध्ये ते बँडमधून बाहेर पडले. दुसऱ्या बाजूबद्दल आणि तिसरीच्या पूर्वार्धाबद्दल मला त्यांचं पटतं; पहिली आणि चौथी मात्र कापायला जागा नाही इतकी भरीव आहेत. समीक्षकांनी झोडपूनही अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला होता, हेही ध्यानात असू द्या.

आपल्याकडच्या श्रोत्यांची आणखी एक अडचण होते. जॉन अँडरसन यांनी परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र ही चौकट उचलली आणि एकेक बाजू एकेकाला दिली. ही नावं आपल्या रोजच्या परिचयाची, त्यामुळे वेदान्त किंवा भारतीय संगीत कानावर पडेल अशी अपेक्षा तयार होते. तसं इथे काही नाही. त्या चार नावांतून अँडरसनने चार मनोवस्था घेतल्या: उगम, आठवण, लुप्त संस्कृती, संघर्ष आणि त्यातून सुटका. शास्त्र तपासत बसलात तर निराशाच पदरी पडेल.

आवृत्तीही तपासा. पहिली बाजू २० मिनिटांच्या आसपास असेल तर तो मूळ रूपातला आहे. २२ मिनिटांच्या पुढे असेल तर २००३ च्या आवृत्तीत जोडलेली सुमारे दोन मिनिटांची प्रस्तावना तीत आहे. पहिल्यांदा ऐकताना मूळ सुरुवातच घ्या, ती थेट आवाजांतून उठते. मूळ मिश्रण दाट आणि गढूळ वाटत असेल तर २०१६ चं स्टीव्हन विल्सन यांचं रिमिक्स ऐका. त्यात बेस आणि तालवाद्यं सुटी ऐकू येतात, आणि वर सांगितलेला 'रिच्युअल'चा गदारोळ नुसता गोंगाट राहत नाही. मंचावरचं 'रिच्युअल' हवं असेल तर ते १९८० च्या 'येसशोज'वर आहे, पण तिथे वेकमनऐवजी पॅट्रिक मोराझ आहेत, तेव्हा ते स्टुडिओतल्याच्या नंतर घ्या.