पुराच्या काळात उपयोगी पडावं म्हणून आमच्या हॅम रेडिओ क्लबनं यंदा कोणता प्रकल्प घ्यावा?

तुम्ही सांगितलंय की क्लबमध्ये आठ-दहा जण आहेत, निम्म्यांकडे हॅम रेडिओचं (हौशी बिनतारी संपर्काचं) लायसन्स नाही, सगळ्यांचा जोर दोन मीटर तरंगलांबीच्या हँडसेटवर आहे आणि बेळगाव जिल्ह्यातला निपाणी-खानापूर संपर्क काही होत नाही.

हँडसेट वाढवून तो होणारही नाही. या हँडसेटच्या 144-146 मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये तवंदीचा घाट आणि बेळगावचं पठार. कणकुंबीकडच्या दऱ्यांत तर विचारूच नका. यंदा 40 मीटर तरंगलांबीचा (7 मेगाहर्ट्झच्या आसपासचा), मुद्दाम कमी उंचीवर टांगलेला डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंच्या तारेची अँटेना करा. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली येतात आणि शून्य ते तीनशे किलोमीटरचा परिसर भरून काढतात. डोंगर आड येतच नाही. चिकोडी, अथणी, गोकाक, खानापूर सगळं यात बसतं.

घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घ्या. सूत्रानं (143 भागिले मेगाहर्ट्झ) 7.1 मेगाहर्ट्झसाठी एकूण 20.14 मीटर येतात, पण सुरुवातीला दोन्ही बाजू 10.4 मीटर कापा. पीव्हीसीच्या आवरणामुळे आणि टोकं जमिनीजवळ आल्यामुळे अनुनाद (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत चांगली चालते ती) खाली सरकतो, किती ते जागेवर ठरतं. मधला बिंदू 8 मीटरवर, टोकं अडीच मीटरवर. टोकांवर व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, म्हणून हाताला लागतील अशी ठेवू नका. नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर) अनुनाद 6.85 ला दिसला, तर 20.8 गुणिले 6.85 भागिले 7.1, म्हणजे 20.07 मीटर हवेत. दोन्हीकडून साडेछत्तीस सेंटिमीटर कमी करायचे. लगेच कापू नका, वायर मागे दुमडून तिच्यावरच घट्ट गुंडाळा आणि पुन्हा मोजा. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून ताकद किती परत येते ते दाखवणारा आकडा) दीडच्या आत आला की पुरे, त्याच्या मागे दिवस घालवू नका.

मध्यबिंदूशी चोक हवाच: टाइप 43 फेराइटच्या मोठ्या टोरॉइडवर (कड्यावर) आरजी-58 या अँटेना केबलचे दहा-बारा वेढे. तो नसेल तर केबलचं बाहेरचं जाळीचं आवरणच अँटेना होतं आणि घरातल्या एलईडी दिव्यांचा गोंगाट आत येतो. पावसाळ्यात बिघाड बहुतेक इथेच होतो, कारण केबलच्या कापलेल्या तोंडातून पाणी आत शिरतं. ते तोंड खाली वळवा, स्वतःला चिकटणारी रबर टेप खालून वर गुंडाळा. झाडाला बांधत असाल तर दोरी कप्पीवरून घेऊन वाळूच्या बाटलीचं वजन लावा, नाहीतर वाऱ्यात वायर तुटते. हेस्कॉमची विजेची तार अँटेना पडली तरी पोचणार नाही इतकी लांब हवी.

सूर्य मावळला की 40 मीटरवर दूरचे आवाज खणखणीत येतात, पण जवळचे बुडतात. त्यासाठी त्याच मध्यबिंदूला 80 मीटरच्या, प्रत्येकी सुमारे 20 मीटरच्या दोन बाजू काटकोनात जोडा.

विजेचा हिशेब: 25 वॅटवर प्रसारणाला सुमारे 10 अँपिअर, ऐकायला 1. दहा टक्के वेळ बोलणं धरलं तर सरासरी 1.9. 40 अँपिअर-तासाच्या बॅटरीतले निम्मे वापरले तर दहा तास निघतात. वायर मात्र जाड, 4 चौरस मिलिमीटरची घ्या. पूर्ण ताकदीवर, 20 अँपिअरला, दीड चौरसच्या दीड मीटर जोडवायरीत 0.7 व्होल्ट गळतात आणि सेट मध्येच बंद पडतो. फ्यूज दोन्ही तारांना.

वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू येण्याआधीच केबल सेटपासून काढून घराबाहेर टाका.

लायसन्स नसलेल्यांनी प्रसारण करायचं नाही, पण वायर मोजणं, लॉग आणि संदेश लिहिणं त्यांच्याकडे द्या, सोबत एएसओसी, म्हणजे लायसन्ससाठी लागणाऱ्या परीक्षेची तयारी. बारा वर्षांवरील कुणालाही ती देता येते.

आणि दर रविवारी सकाळी दहाला, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर एलएसबीत (40 मीटरवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) अर्धा तास नेट, म्हणजे सगळ्यांची रेडिओवरची बैठक चालवा. माझ्या मते अँटेनापेक्षाही हे महत्त्वाचं. प्रत्येकानं एक लेखी संदेश पाठवायचा: क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला, शब्दसंख्या, मजकूर. घेणाऱ्यानं शब्द मोजून तो परत वाचायचा. मराठीत आणि कन्नडमध्येही सराव करा, कारण तालुक्याला संदेश कन्नडमध्येच द्यावा लागेल. आकडे सुटे वाचा. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सारखेच ऐकू येतात. ‘पाच नऊ’ म्हटलं की पाण्याची पातळी चुकत नाही.