वाटी किती ग्रॅमची?

प्रश्न : बेसनाच्या लाडवांच्या कृतीत अर्धा किलो बेसन, पाव किलो साजूक तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर दिली आहे. घरी वजनकाटा नाही. एक वाटी म्हणजे किती ग्रॅम धरायचे?

उत्तर : सगळ्या जिनसांना चालेल असा एकच आकडा नाही. आधी आपली वाटी मोजून घ्या. अर्धा लिटर दुधाची पिशवी फोडा आणि दूध त्या वाटीने मोजून पातेल्यात घाला. तीन वाट्या भरून चौथी तिसरा हिस्सा भरली, तर वाटी १५० मिलिलिटरची.

अशा सपाट वाटीत (शीग नको) साखर १२५ ग्रॅम मावते, बारीक रवा १०५, कणीक किंवा मैदा ७५ ते ८०, पिठीसाखर ७५, चाळलेलं बारीक बेसन ६० ते ६५ आणि पातळ तूप १३५. म्हणजे तुमच्या लाडवांना बेसन साधारण आठ वाट्या, तूप दोन वाट्यांना जरा कमी आणि पिठीसाखर सव्वापाच वाट्या.

बेसनाचा आकडा मात्र डोळे झाकून धरू नका. डब्यात दाबून बसलेलं पीठ तसंच वाटीने उपसलं, तर त्याच वाटीत ७५ ग्रॅमही जातं. लाडवाचं जाडसर बेसन तर आणखी जड भरतं. त्यापेक्षा अर्ध्या किलोचं सीलबंद पाकीटच आणावं. ते एकदा आपल्या वाटीने मोजायचं आणि किती वाट्या भरल्या ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवायचं. काट्याचं काम तिथेच झालं. रवा, साबुदाणा, साखर, सगळ्यांना हीच युक्ती चालते.

तूप वितळवूनच मोजा. थिजलेलं तूप चमच्याने वाटीत भरलं की मधे पोकळ्या राहतात, तूप कमी पडतं आणि लाडू वळताना फुटतात. उलट हात सैल सुटला तर लाडू ताटात बसतात.

साखरेची गंमत वेगळीच. ‘एक वाटी साखर, दळून’ आणि ‘एक वाटी दळलेली साखर’ यांत दीडपटीहून जास्त फरक आहे, कारण वाटीभर साखर दळली की दीड वाटीच्या वर पिठी होते. कृती वाचताना ‘दळून’ कुठे लिहिलंय ते बघा.

प्रश्न : अमेरिकेहून मुलीने पाठवलेल्या केकच्या कृतीत ‘दोन कप मैदा’ आहे. चहाचा कप चालेल का?

उत्तर : नाही. तिथला कप २४० मिलिलिटरचा असतो, आपल्या चहाच्या कपाचं माप घरोघरी वेगळं. मैदा चमच्याने हलकेच कपात भरून सुरीच्या पाठीने सपाट केला, तर १२० ते १२५ ग्रॅम भरतो, म्हणजे दोन कपांचा पाव किलो धरा. कपच पिठात खुपसला तर एका कपामागे वीसेक ग्रॅम जास्त येतो आणि केक कोरडा होतो. मोठा चमचा तिकडे १५ मिलिलिटरचा, लहान ५ चा. कृती ऑस्ट्रेलियाची असेल तर मोठा चमचा २० चा असतो. सोडा, बेकिंग पावडर मात्र वजनात बदलत बसू नका. ते चमच्यानेच घ्या, सपाट.