ईव्ह ऑनलाइन: उशिरा आलेल्याने सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ईव्ह, म्हणजे अवकाशातल्या जहाजांचा हा ऑनलाइन खेळ, सुरू करून तीन आठवडे झाले, सुरक्षित भागात एकट्याने खाणकाम चालू आहे, पडद्यावरच्या निम्म्या खिडक्या कशासाठी आहेत हे अजून उलगडलेलं नाही, आणि २००३ पासून खेळणाऱ्यांचे स्किल पॉइंट (पात्राने शिकलेल्या कौशल्यांचे गुण) पाहिले की आता यांना गाठणं शक्य नाही असं वाटतं. त्यात परवा सुरक्षित म्हणवणाऱ्या भागातच कोणीतरी तुमचं जहाज उडवलं. आता पुढे काय करायचं आणि पैसे भरून ओमेगा, म्हणजे सशुल्क खातं, घ्यायचं का, हे तुम्ही विचारलंय.

आधी गाठण्याचा विषय घेतो, कारण चांगली चांगली माणसं याच विचाराने खेळ सोडून जाताना मी पाहिली आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं. या खेळात पात्राची लेव्हल नसते. तुम्ही खेळत नसलात तरी रांगेत लावलेली स्किलं शिकली जातात. जुन्या खेळाडूचं घड्याळ तुमच्या आधी सुरू झालं, हे खरंच आहे. पण आकडे नीट पाहा. सगळ्यात हलक्या गटातल्या स्किलला पहिल्या पातळीसाठी २५० पॉइंट लागतात. तिसरीपर्यंत ८,०००, चौथीपर्यंत ४५,२५५ आणि पाचवीपर्यंत २,५६,०००. म्हणजे पूर्ण खर्चाच्या १८ टक्क्यांहून कमी पॉइंटांत चार पातळ्या तुमच्या हातात येतात. दर पातळीला पाच टक्के फायदा देणारं स्किल धरलं, तर तुम्हाला वीस टक्के मिळतात आणि वर्षानुवर्षं खेळणाऱ्याला पंचवीस. बाकी सगळा वेळ त्याने त्या पाच टक्क्यांसाठी आणि दुसऱ्या शंभर प्रकारच्या जहाजांसाठी घालवलेला असतो. तो फ्रिगेटमध्ये (लहान, वेगवान जहाजात) बसला की टायटन (सगळ्यात मोठं जहाज) चालवायची आणि कारखाने सांभाळायची त्याची स्किलं तिथे काहीच करत नाहीत. फ्रिगेटला लागतात तेवढीच स्किलं मोजली जातात, आणि तेवढी तुम्ही काही आठवड्यांत चांगल्यापैकी भरून काढू शकता.

म्हणून आज एवढंच करा: स्किलची रांग उघडा आणि तिथला पसारा आवरा. खेळातल्या चारपैकी एक वंश, एक लहान जहाज, एक काम ठरवा आणि त्याला लागणारी स्किलं तिसरी-चौथीपर्यंत न्या. पाचवीच्या मागे आत्ता लागू नका, एखाद्या मॉड्यूलची (जहाजावर बसवायच्या उपकरणाची) किंवा जहाजाची ती अटच असेल तेवढा अपवाद. ऊर्जा, ढाल, चिलखत, वेग आणि फिटिंग (जहाजावरच्या उपकरणांची जुळणी) यांची मूळ स्किलं मात्र पुढे कुठलंही जहाज घेतलं तरी उपयोगी पडतात. ती आधी.

आता खाणकाम. ज्याला ते मनापासून आवडतं त्याने जरूर करावं, पण शिकण्यासाठी ते सोयीचं नाही. लेझर लावून बसलं की दहा मिनिटं कसलाच निर्णय घ्यावा लागत नाही. ईव्ह म्हणजे निर्णयांचा खेळ: थांबू की पळू, गेटमधून (एका सौरमालेतून दुसरीत नेणाऱ्या दारातून) जाऊ की परत फिरू, हे जहाज माझ्यासाठी मोठं आहे की आवाक्यातलं. हे निर्णय रोज घ्यावे लागतील असं काहीतरी पकडा. करिअर एजंटांच्या (नवख्यांना शिकवणाऱ्या संगणकी पात्रांच्या) मोहिमा अर्धवट सोडल्या असतील तर पूर्ण करा, त्यातली शोधमोहीम तर नक्की. त्यात मिळणारं प्रोब (लपलेल्या जागा शोधणारी उपकरणं) चालवायचं ज्ञान पुढे वर्महोलमध्येही (लपलेल्या वाटांपलीकडच्या भागात) लागतं. हेरॉन, इमिकस, मॅग्नेट आणि प्रोब ही चार वंशांची शोध-फ्रिगेटं स्वस्त आहेत, फुकट खात्यावर चालतात आणि एका चांगल्या फेरीत स्वतःची किंमत अनेक पटींनी परत देतात.

पडद्यावरच्या खिडक्यांचं सांगतो. सगळ्या शिकायची गरज नाही, सुरुवातीला तीन पुरेत. पहिली ओव्हरव्ह्यू, म्हणजे आजूबाजूच्या गोष्टींची यादी. नवीन खात्यावर येणारी मांडणी गर्दीची असते. अनुभवी खेळाडूंनी तयार केलेली एखादी मांडणी आयात करा, लढाईसाठी आणि प्रवासासाठी वेगळे टॅब ठेवा. दुसरी लोकल चॅट. सर्वसामान्य भागात तुम्ही ज्या सौरमालेत आहात तिथल्या प्रत्येक खेळाडूचं नाव त्या यादीत दिसतं. यादी उभी आणि लांब करून ठेवा आणि कोणी नवं आलं की लगेच नजरेत भरेल अशा जागी लावा. वर्महोलमध्ये ही सोय नाही. तिथे बोलल्याशिवाय कोणी दिसत नाही, म्हणून ती यादी रिकामी असली तरी तिथे काहीच सिद्ध होत नाही. तिसरी खिडकी डायरेक्शनल स्कॅनची. सगळे तिला डी-स्कॅन म्हणतात. तिचा पल्ला १४.३ खगोलीय एककांचा, आणि तेवढ्या अंतरात कोणती जहाजं आहेत ते ती सांगते. कोन लहान करत गेलात तर ती जहाजं नेमकी कुठल्या दिशेला आहेत हेही कळतं. सुरक्षित भागात, काही धोका नसताना, रोज थोडा वेळ फक्त हाच सराव करा: लोकलमध्ये कोणीतरी दिसलं की तो कुठल्या ग्रहाजवळ आणि कशात बसलाय हे डी-स्कॅनवरून शोधून काढा. माझ्या मते या खेळात नवख्या आणि जाणत्या माणसातला सगळ्यात मोठा फरक इथे आहे. यासाठी एकही स्किल पॉइंट लागत नाही.

तुमचं जहाज गेलं त्याबद्दल. सौरमालेला ०.५ ते १.० असा सुरक्षेचा दर्जा असेल तर ती हाय-सेक (सुरक्षित भाग), ०.१ ते ०.४ लो-सेक, आणि शून्य किंवा त्याखाली नल-सेक. हाय-सेकमध्ये कॉनकॉर्ड नावाचे पोलीस आहेत, पण ते हल्ला थांबवत नाहीत. हल्ला झाल्यावर हल्लेखोराचं जहाज नष्ट करतात. ०.५ मध्ये त्यांना यायला १.० पेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्या सेकंदांत स्वस्त जहाजांचा एक घोळका तुमचं महागडं जहाज फोडू शकतो, आणि उरलेला माल त्यांचा साथीदार उचलून नेतो. त्यांनी आधीच हिशेब केलेला असतो: आपली जहाजं जाणारच, तरी मिळणारा माल त्याहून महाग आहे का? तुमचा बचावही याच हिशेबात आहे. पातळ जहाजात मौल्यवान माल भरू नका. ऑटोपायलटवर सोडून उठून जाऊ नका, कारण तो तुम्हाला गेटवर न उतरवता थोडं दूर उतरवतो आणि उरलेलं अंतर जहाज सावकाश चालत जातं. गेटमधून पलीकडे गेल्यावर तुम्ही हललात नाही तर साधारण एक मिनिट कोणालाही दिसत नाही. त्या मिनिटात घाबरून काहीतरी दाबण्याऐवजी आजूबाजूला कोण आहे ते पाहा आणि मग ठरवा.

जहाज फुटलं की तुम्ही छोट्या कॅप्सूलमध्ये उरता. लगेच कुठल्याही ग्रहाकडे वॉर्प करा (दूरची झेप घ्या), कारण डोक्यातली इम्प्लांट्स (पात्राची क्षमता वाढवणारे भाग) कॅप्सूलबरोबर जातात. ईव्हमध्ये गेलेलं जहाज परत मिळत नाही. म्हणून जुने लोक म्हणतात की जे गमावणं परवडत नाही ते चालवू नका, आणि हे ते गंभीरपणे म्हणतात. एकाच भारी जहाजात सगळी कमाई अडकवण्याऐवजी एकाच फिटिंगची दहा स्वस्त फ्रिगेटं विकत घेऊन एका स्टेशनात ठेवा. त्यातलं पहिलं गमावलं की छाती धडधडेल. पाचव्यापर्यंत तुम्ही काय चुकलं ते शांतपणे वाचू शकाल. किलमेल (जहाज फुटल्याचा अहवाल) उघडा, कोणी कोणत्या शस्त्राने किती नुकसान केलं ते बघा, आणि शक्य असेल तर मारणाऱ्यालाच नम्रपणे विचारा. बरेचसे लोक आनंदाने समजावून सांगतात. या खेळातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लांब लिहायला बसलो. एकट्याने राहू नका. मोठ्या फ्लीटमध्ये (ताफ्यात) नवख्याला खरोखरचं काम असतं, ते म्हणजे टॅकल. वेगवान फ्रिगेट घेऊन पुढे जायचं आणि शत्रूला वॉर्प करून पळू द्यायचं नाही, बस. साधा वॉर्प डिसरप्टर वीस किलोमीटरवरून पकडतो. साधा स्क्रॅम्बलर साडेसात किलोमीटरवरून पकडतो, पण त्याची पकड दुप्पट असते आणि तो शत्रूचं मायक्रोवॉर्पड्राइव्हही (वेग वाढवणारं यंत्र) बंद पाडतो. या कामाला कोट्यवधी पॉइंट लागत नाहीत, धाडस आणि हाताचा सराव लागतो. एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा: मोठ्या जहाजाकडे सरळ रेषेत जाऊ नका. त्याच्या तोफांना लहान, आडव्या दिशेने वेगात सरकणाऱ्या लक्ष्यामागे वळणं जमत नाही, पण तुम्ही नाकासमोर सरळ आलात तर त्यांना वळावंच लागत नाही. अवकाशात डबल-क्लिक करत तिरकं, गोल वळण घेत जवळ जा आणि मग प्रदक्षिणा घालू लागा. शेकडो कोटींचं जहाज एका नव्या खेळाडूच्या किरकोळ फ्रिगेटने धरून ठेवलं म्हणून मारलं गेलं, असं या खेळात नेहमी होतं. त्या वेळी आवाजी चॅनलवर त्याचं नाव सगळे घेतात, आणि त्या माणसाला पुढे कोणी 'खेळ सोडू नकोस' असं सांगावं लागत नाही.

२०१४ च्या जानेवारीत बी-आर-५-आर-बी या सौरमालेत झालेल्या २१ तासांच्या लढाईत ७५ टायटन नष्ट झाले, त्याच्या बातम्या वाचून बरेच जण इथे येतात. असल्या प्रचंड लढाईत सर्व्हर खेळातला वेळ नेहमीच्या दहा टक्के वेगापर्यंत मंदावतो आणि बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. सुरुवात तिथून करू नका. दहा-बारा जणांच्या छोट्या फेरीत तुम्ही एका संध्याकाळी जे शिकाल ते तिथे महिनाभरात शिकणार नाही.

कॉर्प (खेळाडूंची संघटना) निवडताना जाहिरात वाचू नका, प्रश्न विचारा. तुम्ही जेव्हा खेळता तेव्हा त्यांचे किती लोक जागे असतात? नव्या लोकांना घेऊन फेऱ्या कोण काढतं? फ्लीटमध्ये गमावलेलं जहाज भरून देतात का? फिटिंग तयार मिळतं की तुम्ही शोधायचं? निव्वळ शिकवण्यासाठीच चालणाऱ्या संघटनाही आहेत. ईव्ह युनिव्हर्सिटी २००४ पासून हे काम करते आहे आणि तिचा विकी सदस्य नसलेल्यांनाही वाचता येतो. जी कॉर्प तुमच्याकडून फक्त खनिज आणि कर मागते आणि बदल्यात 'संरक्षण' एवढाच शब्द देते, तिथून निघा. प्रवेशासाठी पैसे मागणाऱ्यांना किंवा 'तुझं सगळं सामान आम्ही हलवतो' म्हणणाऱ्यांना तर थेट नकार द्या. या खेळात इतर खेळाडूंना फसवणं बहुतांशी नियमात बसतं. जिटा या बाजारपेठेच्या सौरमालेच्या लोकलमध्ये कोणी तुमचे इस्क (खेळातलं चलन) दुप्पट करून देतो म्हणाला तर तो एकही परत देणार नाही. करार स्वीकारताना वस्तूचं नाव, संख्या आणि किमतीतली शून्यं प्रत्येक वेळी मोजा.

ओमेगाचं उत्तर: आत्ता नको. फुकटच्या अल्फा खात्यावर साधारण ५० लाख पॉइंटांपर्यंत शिकता येतं. शिकण्याचा वेग ओमेगाच्या निम्मा असतो, पण टॅकल, शोधमोहीम आणि छोट्या जहाजांच्या लढाया यांना तेवढं पुरतं. आधी कॉर्प शोधा, तिच्यासोबत चार-पाच फेऱ्या करा. मग एखादं जहाज चालवावंसं वाटेल आणि अल्फाची मर्यादा आड येईल, तेव्हा पैसे भरा. स्किल इंजेक्टर (एकदम पॉइंट देणारी वस्तू) विकत घेऊन एकदम मोठ्या जहाजात बसण्याचा मोह झाला तर मला आधी निरोप पाठवा. ते जहाज कसं जाईल आणि त्याच पैशांत काय करता येईल ते आपण बसून पाहू. तुमचा वंश आणि आत्तापर्यंत शिकलेली स्किलं लिहून पाठवलीत तर टॅकलसाठी एक स्वस्त फिटिंग मी तयार करून देतो.