मोजक्या पैशांत नवा संगणक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत पहिल्या वर्षाला आहे. तिच्यासाठी असेंबल केलेला संगणक घ्यायचा असून मॉनिटर धरून ५५ हजार रुपयांपलीकडे आमची तयारी नाही. बर्डीवरील एका दुकानदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅट एसएमपीएससह कॅबिनेट’ एवढेच लिहिले आहे. दुसरा दुकानदार तेवढ्याच पैशांत आय५ देतो. मग आय७ सोडून आय५ का घ्यावा? घरी एसी नाही, कूलर आहे.
— एक पालक, मानेवाडा

उत्तर : पहिल्या कोटेशनवर आपण होकार देऊ नये, कारण त्यातील एकाही भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक दिलेला नाही. ‘आय७’ या अक्षरांवरून प्रोसेसरची श्रेणी कळते. तो कोणत्या पिढीचा आहे हे त्यापुढच्या आकड्यांवरून कळते, आणि खरा फरक पिढीचा असतो. आय७-३७७० हा प्रोसेसर २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा आहे. त्यात चार कोअर (गणना करणारे घटक) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या वाटा) आहेत. २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण त्याचा प्रत्येक कोअर तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक काम उरकतो. म्हणजे बाराव्या पिढीचा आय३ तिसऱ्या पिढीच्या आय७ला सहज मागे टाकतो. मॉनिटर धरून ५५ हजारांत नव्या पिढीचा आय७ बसत नाही, त्यामुळे आपल्याला दाखवलेला आय७ जुनाच असणार असे मला वाटते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. चार वर्षे वापरायचे यंत्र पहिल्याच दिवशी या अटीत बसत नसेल, तर ते स्वस्त म्हणता येणार नाही. या जुन्या प्रोसेसरांसाठी एच६१ चिपसेटचे (म्हणजे त्या नियंत्रक चिपचे) मदरबोर्ड, म्हणजे सर्व भाग जोडणारे मुख्य फलक, अजूनही कोऱ्या खोक्यांत मिळतात. खोके नवे असले तरी तो चिपसेट २०११ सालचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे. २ जीबी म्हणून जे कार्ड स्वस्त कोटेशनमध्ये घातले जाते, ते बहुधा जीटी ७३० सारखे, २०१४ सालचे असते. आजच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेले ग्राफिक्स त्याहून सरस आहे. आपल्या मुलीला पहिल्या दोन वर्षांत सी, पायथन, डेटाबेस, फार तर थोडे वेब डिझाइन एवढेच करावे लागेल, आणि त्यासाठी वेगळ्या कार्डाची गरज नाही. ते पैसे वाचवावेत.

प्रोसेसर म्हणून माझी पसंती दोहोंपैकी एकाला आहे : इंटेल कोअर आय५-१२४०० किंवा एएमडी रायझन ५ ५६००जी. दोन्हींत सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत आणि दोन्ही डीडीआर४ प्रकारच्या रॅमवर चालतात (डीडीआर५ हा त्यापुढचा प्रकार). इंटेलच्या बाबतीत मात्र मदरबोर्ड डीडीआर४ चाच आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण त्याच प्रोसेसरसाठी डीडीआर५ चे बोर्डही मिळतात. मुलगी अधूनमधून गेम खेळत असेल तर ५६००जीचे ग्राफिक्स उजवे ठरेल. आय५-१२४०० च्या बोर्डावर पुढे, बायोस (बोर्डावरची मूळ आज्ञावली) अद्ययावत करून, तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर बसवता येतो, ही त्याची जमेची बाजू. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर मात्र घेऊ नये. तो थोडा स्वस्त असतो, परंतु त्यात अंगभूत ग्राफिक्स नसल्यामुळे वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. एएमडीची नवी एएम५ मालिका अधिक काळ टिकणारी आहे हे खरे. पण तिला डीडीआर५ रॅमच लागते आणि या बजेटमध्ये तिचा हट्ट धरल्यास दुसरीकडे काटछाट करावी लागेल.

रॅमच्या बाबतीत सध्या सर्वांचीच अडचण झाली आहे. मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे आणि पाठोपाठ एसएसडीचे (चिपवर माहिती साठवणाऱ्या वेगवान डिस्कचे) भाव झपाट्याने चढले. म्हणून मी येथे दर लिहीत नाही. कोटेशन घेतलेल्या दिवसाचाच दर खरा मानावा. शक्य असेल तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरते आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला दोन वाटांनी माहिती मिळते, त्यामुळे एका १६ जीबीच्या पट्टीपेक्षा ही जोडी चांगली चालते. पैसे कमी पडत असतील तर आज ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम तेवढ्यात भागेल. रॅम नंतर वाढवता येते, पण एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि मदरबोर्ड यांत केलेली काटकसर अशी मागाहून भरून काढता येत नाही.

१ टीबी हार्ड डिस्कऐवजी ५०० किंवा ५१२ जीबीची एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकारची) एसएसडी घ्यावी. हार्ड डिस्कवर विंडोज ११ चालवणे म्हणजे रोज सकाळी वाट पाहत बसणे होय. पुढे साठवणुकीसाठी जागा कमी पडली तर हार्ड डिस्क दुय्यम म्हणून जोडता येते.

आता ज्या भागाबद्दल कोणीच विचारत नाही त्याकडे वळतो, आणि नागपुरात राहणाऱ्या माणसाने सर्वांत आधी त्याचाच विचार करावा असे माझे ठाम मत आहे. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेले असते. आपण त्यावरील चिकटपट्टीवरचा तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना वीज मिळते ती १२ व्होल्टच्या वाटेने. त्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅटच त्या वाटेने मिळतात, मग बाहेर काहीही छापलेले असो. त्याच तक्त्यात ‘इनपुट’ही पाहावे. काही एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, तर काहींना किमान २०० व्होल्ट लागतात. उन्हाळ्याच्या दुपारी वस्तीतले सगळे कूलर आणि एसी एकाच वेळी सुरू असतात तेव्हा घरातला दाब २३० वरून बराच खाली येतो, आणि दुसऱ्या प्रकारचा एसएमपीएस नेमका त्याच वेळी दगा देतो. तिसरी बाब तापमानाची. चांगले उत्पादक आपला एसएमपीएस ४० किंवा ५० अंशांना पूर्ण क्षमतेने चालतो असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या वर असतो, तेव्हा बंद कॅबिनेटच्या आतली हवा किती तापत असेल याचा अंदाज आपल्याला बांधता येईल. म्हणून ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचे मानांकन) प्रमाणित, नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस वेगळा विकत घ्यावा. आय५-१२४०० कमाल ताणाखाली ११७ वॅट घेतो, त्यामुळे आज हा पुरेसा आहेच. उद्या आरटीएक्स ३०५० चे ७० वॅटचे ६ जीबी कार्ड घातले तरी तो पुरेल.

कॅबिनेट निवडताना पुढची बाजू काचेची नसून जाळीची असावी, आणि त्या जाळीमागे धूळ अडवणारी, धुता येणारी गाळणी असावी. प्रोसेसरवरचा पंखा त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १२ अंशांनी अधिक तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच अधिक तापतो. त्यामुळे पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या परीक्षकाने दिलेले तापमानाचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पुढून हवा आत घेणारा एक आणि मागून बाहेर टाकणारा एक, असे दोन पंखे हवेत. रंगीत दिव्यांसाठी वेगळे पैसे देऊ नयेत. मॉनिटर २२ ते २४ इंचांचा, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा घ्यावा. त्यात फार खल करण्यासारखे काही नाही.

बिल जीएसटीचे, प्रत्येक भागाचा मॉडेल आणि सिरीयल क्रमांक लिहिलेले घ्यावे. प्रोसेसर खोक्यातला आहे की ‘ट्रे’चा, म्हणजे खोक्याविना सुटा, हेही विचारावे, कारण खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची हमी असते आणि या दोन्ही प्रोसेसरांसोबत पंखाही येतो. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर यांचे सेवा केंद्र नागपुरातच आहे की माल मुंबईला पाठवावा लागतो, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. परीक्षेच्या काळात यंत्र तीन आठवडे दूर राहिले तर किमतीतली पाचशे रुपयांची बचत कामाची नाही.

प्रश्न : माझा संगणक दोन वर्षांचा आहे. हिवाळ्यात तो उत्तम चालतो, परंतु एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान अचानक बंद पडतो. कूलर थेट त्याच्यावर सोडला तरी फरक पडत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर कधीकधी झिणझिण्या येतात. नवा प्रोसेसर घ्यावा काय?
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : प्रोसेसर घेऊ नये. अति तापलेला प्रोसेसर आधी मंदावतो; आपली मर्यादा, म्हणजे प्रकारानुसार ९५ ते १०० अंश, गाठली की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापमान चढत राहिले तरच बंद पडतो. आपल्याकडे मंदावल्याची तक्रार नाही, संगणक थेट बंद होतो. त्यामुळे माझा पहिला संशय एसएमपीएस आणि विजेचा दाब यांवर आहे. दुपारी मल्टिमीटरने सॉकेटमधला दाब मोजून घ्यावा आणि वर सांगितल्याप्रमाणे एसएमपीएसवरील इनपुटचा आकडा पाहावा. दाब खाली गेलेला आढळल्यास दाब नियंत्रित करणारा यूपीएस बसवावा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे ‘यूपीएस मोड’चे बटण आहे का ते पाहावे, त्या स्थितीत वीज बदलण्यास लागणारा वेळ बराच कमी होतो.

झिणझिण्यांकडे मात्र आपण आजच लक्ष द्यावे. एसएमपीएसमधील विजेचा फिल्टर थोडासा विद्युत्प्रवाह कॅबिनेटकडे सोडत असते आणि अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो. तो हाताला जाणवतो याचा अर्थ अर्थिंग तुटलेले आहे किंवा निकामी झाले आहे. आपल्या भागातील काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या नळीभोवतीचा संपर्क सुटतो. त्यामुळे पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग मे महिन्यात काम करत नाही, असे आपल्याकडे पुष्कळ घरांत होते. परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा अधिक असू नये. आपल्या सॉकेटची तिसरी पिन नुसती दिखाऊ नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर नियमित पाणी घालत जावे. हे दुरुस्त होईपर्यंत संगणक वापरू नये, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नये. तिच्याबरोबर येणारे पाण्याचे कण आणि क्षार आतल्या धुळीवर बसतात, त्यांचा ओलसर थर तयार होतो आणि पंख्यांची पाती त्याने जड होतात. कूलरने खोली थंड करावी, पण संगणक त्याच्या झोताबाहेर ठेवावा. नवतपा सुरू होण्यापूर्वी एकदा ब्लोअरने धूळ काढावी, आणि ती काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

प्रश्न : लग्नाच्या चित्रफितींचे संपादन करतो. नव्या संगणकासाठी ‘एफ’ प्रोसेसर आणि त्याबरोबर ग्राफिक्स कार्ड घेण्याचा सल्ला मिळाला आहे. योग्य आहे काय?
— एक छायाचित्रकार, महाल

उत्तर : आपल्या कामासाठी नाही. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची, चित्रफिती उलगडण्याची आणि दाबून लहान करण्याची स्वतंत्र व्यवस्था असते आणि संपादनाची अनेक सॉफ्टवेअर तिचा उपयोग करतात. ‘एफ’ घेतल्यास थोड्या पैशांच्या बचतीसाठी आपण तिला मुकता. ग्राफिक्स कार्ड जरूर घ्यावे, पण ‘एफ’ नसलेल्या प्रोसेसरसोबत. रॅम ३२ जीबीपेक्षा कमी नको, आणि चालू असलेले काम एसएसडीवर व संपलेली लग्ने मोठ्या हार्ड डिस्कवर, अशी विभागणी ठेवावी. ग्राहकाला चित्रफीत देईपर्यंत तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असलीच पाहिजे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझा सहाव्या पिढीचा आय३ संगणक विंडोज ११ घेत नाही, आणि तो सुरू व्हायलाही फार वेळ लागतो. लेखन, ई-मेल आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे एवढाच माझा उपयोग आहे. नवा घ्यावा लागेल काय?
— धरमपेठेतील एक वाचक

उत्तर : आपल्याला नवा संगणक लागणार नाही. हार्ड डिस्कच्या जागी २५० जीबीच्या आसपासची साधी साटा एसएसडी बसवावी. एनव्हीएमईपेक्षा ती मंद असली तरी आपल्या हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी. त्यासाठी आपला मदरबोर्ड डीडीआर३ चा आहे की डीडीआर४ चा, हे दुकानदाराकडून आधी तपासून घ्यावे, कारण सहाव्या पिढीत दोन्ही प्रकार होते. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना दिलेली वाढीव सुरक्षा अद्यतनांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्यावर विसंबण्यापेक्षा उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालावी. तीत मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासूनच असतो आणि तो सेटिंगमधून निवडला की लेखन सुरू करता येते. व्हिडिओवर बोलणे ब्राउझरमधून होईल. एसएसडी बदलण्यापूर्वी जुन्या डिस्कवरील छायाचित्रे आणि लेखन पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे, आणि जुनी डिस्क दुकानात न सोडता घरी परत आणावी.