गळाला लागलेल्या महसीरचं वय कसं ओळखायचं, आणि कोणता मासा सोडावा?

लांबीवरून वय ठरवू नका, एकाच वयाचे मासे खाण्यानुसार लहान-मोठे होतात. खवला बघा. पाठीवरच्या पराखालून, अंगावरच्या मधल्या रेषेच्या वरचा एकच खवला चिमट्याने काढा, धुवा आणि उजेडात भिंगाखाली धरा. बारीक गोल रेषा दिसतील. वाढ मंदावते तिथे त्या दाटीने येऊन कडं बनतं. थंड देशांत एक कडं म्हणजे एक हिवाळा. आपल्याकडे अंडी घालताना किंवा उपासमारीतही कडं पडतं, म्हणून अंदाजच समजा. मधोमध कोरा असलेला खवला नंतर उगवलेला असतो, तो टाका. माशाच्या कानात असतो तो छोटा खडा वय ओळखायला जास्त खात्रीचा, पण त्यासाठी मासा मारावा लागतो. महसीरच्या बाबतीत ते मला मुळीच पटत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं मेहनतीने वाढवली जातात!

सोडताना मोठ्या माद्या आधी, त्यांच्या पोटात कितीतरी जास्त अंडी असतात. खायला तलावातला मध्यम रोहू घ्या. मासा ओल्या हातानेच धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळ पाण्यातच सोडवा, आणि मासा स्वतः शेपटी मारेपर्यंत तोंड प्रवाहाकडे ठेवून धरा.